डाउनरिगरची तार किती कलली, ते आधी बघा

काउंटरवर 15 मीटर दिसतात म्हणजे लुअर (होडीमागं ओढायचं खोटं आमिष) 15 मीटरवर आहे, आणि मोबाइलवर ताशी 4 किलोमीटर दिसतात म्हणजे लुअरही चारनेच चाललाय, या दोन समजुतींपायी बहुतेकांचा दिवस वाया जातो. काउंटर फक्त किती तार सुटली ते सांगतो. मोबाइल सांगतो तो होडीचा जमिनीवरचा वेग. खाली जिथं लुअर आहे तिथली खोली आणि तिथल्या पाण्यातला वेग या दोघांनाही ठाऊक नसतो. दोन्हीचा अंदाज एकाच गोष्टीवरून येतो: पाण्यात शिरताना तार उभ्या रेषेपासून किती अंश मागं कलली आहे. या लेखात सगळा हिशेब त्या कोनाचा आहे.

ज्यांनी डाउनरिगर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. होडीच्या काठावर एक मोठं रीळ, त्यातून बाहेर काढलेला दांडा, दांड्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून खाली सोडलेली पोलादी तार आणि तारेला चार-पाच किलोचं वजन. वजनाच्या जवळ एक चिमटा असतो. रॉडची दोरी त्या चिमट्यात अडकवायची आणि वजनाबरोबर खाली न्यायची. मासा लागला की हिसक्यानं दोरी चिमट्यातून सुटते, वजन तारेवरच राहतं आणि मासा मोकळ्या दोरीवर खेळवता येतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं 1966 मध्ये तिथल्या मोठ्या सरोवरांना मिळणाऱ्या नद्यांत कोहो सामन मासा सोडला आणि पुढच्या काही वर्षांत हे यंत्र तिकडच्या घराघरांत पोचलं. तिकडची सगळी आकडेमोड फूट आणि मैलांत असते. ताशी अडीच मैल म्हणजे आपले 4 किलोमीटर, एवढं लक्षात ठेवलं की त्यांचे तक्ते वाचता येतात. पण त्यांची खोली मात्र उसनी घेऊ नका. तिकडं थंड पाणी शोधत 30-40 मीटर खाली जावं लागतं. आपल्या उजनी धरणात उन्हाळ्यात तेवढं खाली गेलात तर तिथं मासाच नसतो. पाणी हिरवंगार, शेवाळानं भरलेलं. वारा पडला की खालच्या थराला प्राणवायू पोचत नाही. इथं कामाचा पट्टा साधारण 4 ते 12 मीटरचा. धरणाच्या भिंतीजवळ पाणी बरंच खोल आहे, पण त्या खोलीचा आपल्याला उपयोग नाही.

आणि मासा कोणता? रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी हा खटाटोप करू नका. ते लुअर धरणारे मासे नव्हेत. चिलापी किनाऱ्याला मिळते. मरळ गवतात, पाणवेलीत बसते, तिथं तार नेणं म्हणजे गुंता ओढवून घेणं. डाउनरिगरवर खरा येतो तो शिवडा, आणि कधीमधी शिंगटा. शिवडा आता आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित गटात आहे, तेव्हा तीनतोंडी गळाच्या जागी एकेरी गळ लावा आणि सोडता आला तर सोडा. परवान्याची चौकशी आधी करून ठेवा; पाण्यावर गेल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर डाउनरिगर न्यायचा विचार करत असाल तर राहू द्या, उथळ आणि गाळाचं पाणी आहे, तिथं नुसता रॉड पुरतो.

आता पाण्याची पातळी. सोलापूरकर उजनी टक्क्यांत मोजतात. पेपरात 'उजनी वजा 36 टक्के' वाचून आपण पाण्याच्या चिंतेला लागतो, पण गळाच्या कामाला टक्के निरुपयोगी. 100 टक्क्यांना पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर असते आणि शून्य टक्क्यांना 491.03. म्हणजे सगळा उपयुक्त साठा जेमतेम 6 मीटरच्या थरात बसतो, आणि त्याखालचा मृतसाठा त्याहूनही मोठा. ऑक्टोबरात जिथं 11 मीटर पाणी होतं तिथं शून्याला 5 मीटर उरतं. म्हणून वहीत जागेची खोली लिहिताना त्या दिवशीची पातळी मीटरमध्ये लिहा. 'पळसदेवच्या पुढं, 9 मीटर' या नोंदीला दोन महिन्यांनी काही किंमत राहत नाही. 'तळ 487 मीटरवर' ही नोंद वर्षभर चालते. त्या दिवशीच्या पातळीतून वजा करा, खोली मिळाली.

यंत्राकडे वळू. आयात केलेला डाउनरिगर महाग पडतो, आणि होडीवर लागतो तो साधा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडून 20 सेंटिमीटर व्यासाचं रीळ, ब्रेक आणि हँडल करून घेता येतं. कापड मोजायच्या यंत्राला असतो तसला आकड्यांचा काउंटर त्यावर बसतो, आणि यंत्रमागाच्या गावात तो मिळायला अडचण नाही. पण रीळ मोजण्यात एक खोट असते. 20 सेंटिमीटर व्यासावर एका फेऱ्याला सुमारे 63 सेंटिमीटर तार सुटते; तार उलगडत जाईल तसा व्यास घटतो आणि फेराही छोटा होतो. 15 सेंटिमीटरवर आलात की फेऱ्याला 47 च. म्हणून रीळ रुंद घ्या आणि तार एक-दोन थरांतच बसेल असं बघा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे तार रस्त्यावर सरळ ताणून टेपनं मोजायची आणि दर 2 मीटरला रंगीत दोऱ्याची घट्ट वेटाळी घालायची, दर 10 मीटरला लाल. काउंटर बिघडला तरी खुणा बिघडत नाहीत. शून्य धरायचं ते वजन पाण्याला टेकल्यावर. दांड्याच्या टोकाला वजन असताना शून्य केलं तर सुरुवातीलाच एक मीटरची चूक झाली.

वजन कशाचं हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. पाण्यात प्रत्येक वस्तू आपल्या आकारमानाइतक्या पाण्यानं हलकी होते. 5 किलो शिसं पाण्यात साधारण 4.6 किलो भरतं. 5 किलो बीड, म्हणजे ओतीव लोखंड, 4.3. 5 किलो काळा दगड 3.2 आणि 5 किलो काँक्रीट 2.9. घरी डब्यात काँक्रीट ओतून केलेलं वजन हातात जड लागतं, पण पाण्यात गेलं की जवळजवळ अर्धं. शिसं सगळ्यात सरस, तरी सोलापूर शहर हेच पाणी पितं आणि वजन कधी ना कधी तळाला राहतंच, म्हणून बीड घ्या. दुकानातलं 5 किलोचं षटकोनी वजन, वर कडी असलेलं, चालतं. त्याला मागं एक पत्र्याचं शेपूट वेल्ड करून घ्या म्हणजे ते स्वतःभोवती फिरत नाही आणि तारेला पीळ बसत नाही.

वजनापेक्षाही तारेची जाडी जास्त मारक. लोकांना वाटतं, गोळ्याला (तारेच्या टोकाच्या वजनाला) पाणी मागं ढकलतं म्हणून तार कलते. हिशेब केला तर उलट निघतं. 0.9 मिलिमीटरची तार 15 मीटर सोडली की तिला बसणारी पाण्याची ओढ गोळ्याच्या ओढीच्या दुपटीहून जास्त असते. 5 किलो बीड, 0.9 मिलिमीटर तार, 15 मीटर सुटलेली आणि मागं एक मध्यम स्पून (चमच्याच्या आकाराचा धातूचा लुअर), एवढं धरून माझा ढोबळ हिशेब असा येतो: ताशी 3 किलोमीटरला वरचा कोन 14 अंशांच्या आसपास आणि गोळा 14.8 मीटरवर, 4 किलोमीटरला 24 अंश आणि 14.3 मीटर, 5 किलोमीटरला 34 अंश आणि 13.4 मीटर. आता तार काढून त्या जागी 3 मिलिमीटरची नायलॉन दोरी लावा. 4 किलोमीटरलाच कोन 45 अंशांवर जातो आणि गोळा पावणेतेरा मीटरवर येतो. शिवाय ओली नायलॉन ताणानं लांबते, म्हणजे खुणाही खोट्या. दोरीवर डाउनरिगर चालत नाही असं नाही, पण मग खोलीबद्दल बोलू नये.

या आकड्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. शाळेतलं सूत्र लावलं, म्हणजे सुटलेली तार गुणिले कोनाचा कोसाइन, तर 24 अंशांना 13.7 मीटर यायला हवेत. खरे 14.3. कारण तार सरळ नसते. पतंगाच्या मांजाला झोळ पडतो तसाच तिलाही पडतो: वर जास्त कललेली, गोळ्याजवळ जवळजवळ उभी. आपण कोन मोजतो तो वरचा, म्हणजे सगळ्यात मोठा. म्हणून कोसाइन नेहमी खोली कमी दाखवतो. सोपी तोड अशी की वरच्या कोनाचा दोन-तृतीयांश घ्या आणि त्याचा कोसाइन लावा. 24 चे 16 अंश, कोसाइन 0.96, 15 मीटरला 14.4. एवढं नेमकं पुरे. 30 अंशांपुढं हीही तोड थोडी जास्त खोली दाखवते, पण 30 च्या वर कोन जाऊ देणंच चूक आहे. वजन वाढवा किंवा वेग कमी करा.

कोन मोजायला कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक पुरतो. त्याच्या मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवून खाली लोखंडी नट बांधा. दांड्याच्या टोकापासून पाण्यापर्यंत जी तार हवेत असते तिला कोनमापकाची सरळ बाजू लावा, गोल बाजू होडीच्या नाकाकडे. तार उभी असेल तर दोरा सरळ बाजूवरच पडतो, शून्य. तार जितकी मागं कलेल तितके अंश दोरा दाखवतो. नट जड घ्या, नाहीतर वाऱ्यानं दोराच कलतो. होडी लाटेवर डुलत असेल तर कोनही हलतो. एकदा बघून आकडा लिहू नका, दहा-बारा डुलण्यांचा मधला धरा.

सोनारवाले, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ आणि मासे दाखवणारं यंत्र ज्यांच्याकडे आहे ते, म्हणतील, आम्हाला गोळा पडद्यावरच दिसतो, मग कोन कशाला? दिसत असेल तर दोन गोष्टी तपासा. 200 किलोहर्ट्झला नेहमीच्या सोनारचा झोत सुमारे 20 अंशांचा असतो. 14 मीटर खोलीवर त्याची त्रिज्या अडीच मीटर. ताशी चारला गोळा साडेचार मीटर मागं असतो. म्हणजे चालत्या होडीत तो झोताबाहेरच असतो, आणि होडी थांबल्यावर दिसला तो थांबल्यावरचा. रुंद झोत लावला तर दिसेल, पण सोनार मोजतो ते गोळ्यापर्यंतचं तिरपं अंतर, आणि तिरपं अंतर म्हणजे जवळजवळ सुटलेल्या तारेची लांबी. पडद्यावर 15 मीटर येतील आणि काउंटरवरही 15. दोघांचं जुळलं म्हणून माणूस खूश होतो, पण दोघांनी मोजलंय एकच. सोनार तळ बघायला आणि माशांचे थर बघायला ठेवा.

पडताळणीचे दोन मार्ग आहेत. पहिला तळ टेकवायचा. झाडं, विहिरी, जाळी नसलेली सपाट, मऊ तळाची जागा शोधा. आधी होडी थांबवून गोळा तळाला टेकवा आणि काउंटर सोनारशी जुळवा. इथंच फरक आला तर पुढचं काही करू नका, काउंटर दुरुस्त करा. मग ठरलेल्या वेगानं चालत तार हळूहळू सोडा. गोळा तळाला ठोकर मारू लागला की तारेत गुरगुर जाणवते आणि कोन एकदम हलतो. त्या क्षणी सुटलेली तार, कोन आणि सोनारवरची खोली लिहा. तीन वेगांना असं केलं की तुमच्या होडीचा, तुमच्या वजनाचा तक्ता तयार. तो माझ्या वरच्या आकड्यांपेक्षा केव्हाही खरा. ठोकर जाणवली की लगेच दोन मीटर वर घ्या.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण तळ लागत नाही. मेडिकलमधून सलाईनची नळी आणा, 30 सेंटिमीटर कापा आणि एक टोक तापवून चिमटीत दाबून पक्कं बंद करा. उघड्या टोकातून आत कोरडा गुलाल फुंका, सगळ्या आतल्या भिंतीला पातळ हात बसेल एवढाच. बंद टोक वर आणि उघडं टोक खाली ठेवून नळी वजनाच्या वर तारेला टेपनं बांधा. खाली जाताना दाब वाढतो, आतली हवा आकसते, पाणी नळीत वर चढतं आणि जिथवर चढलं तिथवरचा गुलाल भिजून गडद होतो. वर काढल्यावर कोरडा भाग मोजा. उजनीची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 495 मीटरवर असल्यानं इथला हवेचा दाब साधारण 9.7 मीटर पाण्याइतका धरायचा; समुद्रकाठचा आकडा लावाल तर चुकाल. 30 सेंटिमीटरच्या नळीत कोरडा भाग 19.8 सेंटिमीटर राहिला तर खोली 5 मीटर, 14.8 राहिला तर 10 मीटर, 13.4 ला 12 मीटर आणि 11.8 ला 15 मीटर. मधल्या आकड्यांसाठी 30 ला कोरड्या लांबीनं भागा, त्यातून एक वजा करा, उरलेल्याला 9.7 नं गुणा.

यात चूक दोन ठिकाणी होते. एक, नळी उन्हात तापलेली असते आणि खाली पाण्यात हवा थंड होऊन आपोआप आकसते, मग खोली जास्त दिसते. बांधण्याआधी नळी ओल्या फडक्यात गुंडाळून होडीच्या सावलीत ठेवा, उघडं टोक मात्र कोरडं राहू द्या. दोन, नळी सगळ्यात जास्त खोली लक्षात ठेवते. गोळा वर घेताना होडी थांबवली की तार सरळ होते, गोळा खाली झुलतो आणि गुलाल आणखी भिजतो. म्हणून सोडताना आणि वर घेताना दोन्ही वेळा होडी त्याच वेगात चालती ठेवायची. पाणबुड्यांचं खोली दाखवणारं घड्याळ वापरलं तरी हीच अट.

खोली झाली, आता वेग. लुअरला स्वतःचा एक वेग असतो, तो पाकिटावर लिहिलेला नसतो. होडीच्या बाजूला, रॉडच्या टोकाशी मीटरभर दोरीवर लुअर पाण्यात धरा, अगदी वरच्या पाण्यात, कारण इथं हिरव्या पाण्यात मीटरभर खालचंही दिसत नाही. शून्यापासून वेग हळूहळू वाढवा. एका वेगाला स्पून डुलायला लागतो, ती खालची हद्द. वाढवत जा, एका वेगाला तो डुलणं सोडून गोल गोल फिरायला लागतो, ती वरची. पट्टीवाला लुअर (तोंडाशी पट्टी असलेला, ओढला की बुडी मारणारा) असेल तर वरच्या हद्दीला तो कुशीवर होऊन वर उसळतो. मधला वेग घ्या, वरच्या हद्दीपासून लांब. फिरता स्पून दोरीला इतका पीळ घालतो की तासाभरात रिळावर गुंताच होतो, म्हणून छऱ्याची चांगली स्विव्हल (पीळ न बसू देणारी फिरती कडी) लावायचीच. साधारण स्पून 3 ते 4.5 किलोमीटरच्या पट्ट्यात चालतात. शिवड्यासाठी मी 3 च्या आसपास, थोडं कमीच, पसंत करतो. तो पाठलाग करणारा मासा कमी आणि दबा धरणारा जास्त.

आता हाच वेग खाली टिकवायचा. मोबाइलचा जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो आणि पाणी कधीच पूर्ण स्थिर नसतं. पावसाळ्यात दौंडकडून येणारा विसर्ग, धरणातून सोडलेलं पाणी, आणि बाकी वर्षभर वारा. वरचं पाणी वाऱ्याच्या वेगाच्या दोन-तीन टक्के वेगानं वाऱ्याबरोबर सरकतं. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्याला अर्धा किलोमीटर धरा. ते पाणी पलीकडच्या काठाला साचून राहत नाही, खालून परत येतं. म्हणजे 8-10 मीटरवर पाणी वाऱ्याच्या उलट दिशेनं, सावकाश, वाहत असतं. याचा परिणाम पहिल्यांदा उलटाच वाटतो. वाऱ्याबरोबर होडी हाकताना खालचं पाणी समोरून येतं, म्हणून लुअर जीपीएसपेक्षा जोरात चालतो. वाऱ्यावर चाल करून जाताना खालचं पाणी आपल्याच दिशेनं जातं, लुअर मंद. मोबाइलवर दोन्हीकडे 3 च. एकाच फेरीत जाताना मासे लागतात आणि येताना लागत नाहीत, त्यामागं बहुतेक वेळा हे असतं, माशांचा मूड वगैरे नसतो.

कोन मात्र हे पकडतो. 15 मीटर तारेला 3 किलोमीटरला 14 आणि 4 किलोमीटरला 24, म्हणजे एका अंशामागं साधारण 100 मीटर ताशी. ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, वेग दुप्पट तर ओढ चौपट, म्हणून वेगातला थोडा फरकही कोनात ठळक दिसतो. वारा नसलेल्या सकाळी, जीपीएस विश्वासार्ह असताना, लुअर त्याच्या मधल्या वेगाला चालवा आणि 6, 9, 12, 15 मीटर तारेला कोन किती ते लिहून घ्या. दुपारी वारा सुटला की मोबाइल खिशात. तीच तार, तोच कोन येईपर्यंत इंजिन कमी-जास्त करा. खोली आणि वेग दोन्ही एकदम जागेवर येतात. एक अट: वजन, तार आणि लुअर तेच हवेत. मोठा लुअर लावला की तक्ता नवा. गोळ्यावर बसून वेग आणि तापमान वर पाठवणारी फिश हॉकसारखी यंत्रंही मिळतात. कोणाकडे असतील तर कोनाची गरज नाही, पण उजनीच्या 12 मीटरसाठी तेवढा खर्च मला पटत नाही.

छोट्या होडीवर इंजिन अगदी मंद ठेवलं तरी वेग 4 च्या खाली येत नाही, ही नेहमीची तक्रार. प्लॅस्टिकच्या बादलीला तळाशी चार-पाच भोकं पाडा आणि नाकाजवळच्या कडीला दोन्ही बाजूंना एकेक बांधून ओढा. पाठीमागं बांधू नका, तारेत जातात.

चिमट्यापासून लुअर किती मागं हे खोलीनुसार. 5 मीटरवर काम करताना होडीच्या आवाजानं मासा दबतो, 15-20 मीटर मागं ठेवा. 10-12 मीटरवर 4-5 मीटर पुरतात, आणि खोलीचा अंदाजही त्यामुळं पक्का राहतो. स्पून साधारण गोळ्याच्या पातळीत राहतो. वेग कमी झाला की जड स्पून खाली लोंबतो. पट्टीवाला लुअर स्वतः बुडी मारतो, पण पाकिटावर 3 मीटर लिहिलं म्हणून 5 मीटरच्या आखूड दोरीवर तो तेवढा जाईलच असं नाही, सहसा बराच कमी जातो. किती जातो ते सपाट तळावर बघा: तळ 8 मीटर, गोळा 6.5 वर, लुअर तळाला टकटक करत असेल तर तो दीड मीटर बुडतोय. नसेल तर गोळा अर्धा-अर्धा मीटर खाली घ्या. माशाची नजर वरच्या बाजूला असते, त्यामुळं लुअर माशांच्या थराच्या मीटरभर वर चालला तर हरकत नाही. खालून गेला तर तुमची फेरी फुकट.

चिमटा फार घट्ट असेल तर छोटा मासा लागूनही दोरी सुटत नाही आणि तो तसाच फरफटत मरतो. रॉडचं टोक बारीक पण अनियमित नाचत असेल तर वर काढून बघा. फार सैल असेल तर वळणावर आपोआप सुटतो. दोरी अडकवल्यावर रीळ फिरवून रॉड चांगला वाकवून ठेवा, म्हणजे चिमटा सुटताच रॉड सरळ होऊन ढिली दोरी खेचून घेतो. वळण मोठं घ्या. आतल्या बाजूचा गोळा मंदावतो, तार उभी होते, लुअर लोंबतो. बाहेरचा जोरात जाऊन वर येतो. वळणावर मासा कोणत्या बाजूला लागला ते लिहून ठेवा, वेग कमी हवा की जास्त ते त्यावरून कळतं.

अडकण्याबद्दल गंभीरपणे सांगतो. उजनीखाली गावं, देवळं, विहिरी, झाडं, जुने पूल आहेत, आणि पाण्यात मच्छीमारांची जाळी आहेत. रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या तर ते जाळं आहे, पूर्ण वळसा घाला. ते कोणाचं तरी पोट आहे. तार आणि वजन यांच्या मध्ये 20-25 किलोला तुटेल असा कमकुवत दोरीचा तुकडा ठेवा. रिळाचा ब्रेक पूर्ण आवळू नका, खेचलं तर घसरला पाहिजे. चालत्या होडीत गोळा झाडात अडकला आणि ब्रेक पक्का असेल तर होडीचा तो काठ पाण्याखाली ओढला जातो. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले ते याच पाण्यात. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटले की गोळे वर घ्या आणि काठाला लागा. लाइफ जॅकेट अंगात असू द्या, फळीखाली नको.

राहता राहिला खोटा कोन. वेग न बदलता कोन हळूहळू वाढत गेला तर तारेवर शेवाळ किंवा जलपर्णीची मुळं बसली आहेत. तार जाड झाली की काय होतं ते वर नायलॉनच्या हिशेबात आलंच आहे. एकदम पाच-सात अंशांनी वाढला तर प्लॅस्टिकची पिशवी नाहीतर जाळ्याचा तुकडा. एकदम कमी झाला तर वजन तुटून गेलंय असं समजू नका. वजन गेलं तर तार पाण्यात मागं ओढली जायला लागते आणि कोन जवळजवळ आडवा होतो. कोन कमी होण्याचा अर्थ खालचं पाणी आता तुमच्याबरोबर चाललंय किंवा लुअर तुटून ओढ गेलीय. आधी रॉडचं टोक बघा, लुअर असेल तर ते थरथरत असतं. थरथर नसेल तर वर घ्या, तार ओल्या कापडाच्या चिमटीतून काढत काढत गुंडाळा, स्पूनचा गळ नखावर घासून धार बघा आणि पुन्हा सोडताना काउंटर पाण्याच्या पातळीला शून्य करा.